तल्लक्षण : एकावर त्रेपन्न शून्ये

आमच्या शाळेत दिवसाची सुरुवात वंदनेने होते. धम्माचे गुण सांगताना विद्यार्थी ‘एहिपस्सिको’ हा शब्द रोज उच्चारतात. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. वंदना संपवून मुले वर्गात येतात, फळ्यावर मोठी संख्या दिसताच त्यांतली काही मान खाली घालतात आणि शिक्षक सांगतील ते उत्तर निमूटपणे वहीत उतरवून घेतात. सकाळी उच्चारलेला तो शब्द गणिताच्या तासापर्यंत पोहोचत नाही. ही आमची जुनी खंत आहे.

पालकसभेत हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत ऐकू येते. ‘आमच्या घरात गणित कुणालाच येत नव्हते, याला कुठून येणार?’ हे वाक्य नम्रतेने उच्चारले जाते. परंतु त्यामागे मोठा इतिहास आहे. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्या माणसाला त्या वहीतला आकडा वाचता येत नव्हता. वाचता येत नसल्यामुळे तो तपासता येत नव्हता, आणि तपासता येत नसल्यामुळे मान्य करावा लागत होता. संख्येचे भय हा मुलांच्या स्वभावाचा दोष नव्हे. ते पिढ्यान् पिढ्या लादले गेलेले भय आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी लिहिताना आम्ही एकच संख्या निवडली आहे. ती प्रचंड आहे, बौद्ध वाङ्मयातील आहे, आणि तिच्याविषयी आम्ही जे सांगणार आहोत, त्यातले बहुतेक सारे आठवीतील विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल घेऊन तपासता येईल.

संख्येचा पत्ता

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आकाराला आलेला ‘ललितविस्तर’ हा संस्कृत ग्रंथ बोधिसत्त्वाचे काव्यमय चरित्र आहे. जावा बेटावरील बोरोबुदूरच्या स्तूपावर या ग्रंथातील प्रसंगांची १२० शिल्पे कोरलेली आहेत. ग्रंथाच्या बाराव्या परिवर्तात असा प्रसंग येतो : गोपेचा पिता दंडपाणी मुलगी देण्यापूर्वी सिद्धार्थाच्या विद्यांची कसोटी मागतो. शाक्य कुमार जमतात. गणिताच्या परीक्षेसाठी अर्जुन नावाचा गणक महामात्र बसतो. (महाभारतातील अर्जुनाशी याचा संबंध नाही.) तो विचारतो : कोटीच्या पुढे शंभराशंभरांच्या पटीने जाणारी गणना तुला ठाऊक आहे काय?

सिद्धार्थ उत्तर देतो. शंभर कोटी म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, शंभर नियुत म्हणजे कंकर, त्यानंतर विवर, अक्षोभ्य, विवाह, उत्संग, बहुल, नागबल. अशी एकामागून एक तेवीस नावे येतात आणि शेवटचे नाव असते तल्लक्षण. (अन्य संस्कृत ग्रंथांत अयुत म्हणजे दहा हजार, येथे त्याच नावाचे मूल्य वेगळे आहे, एवढे लक्षात ठेवावे.)

हा प्रसंग इतिहास आहे असे आम्ही म्हणत नाही. ललितविस्तरात चमत्कार विपुल आहेत आणि परीक्षेचे हे वर्णन कवीच्या भक्तीतून आलेले आहे. परंतु एक गोष्ट निश्चित उरते. ज्यांनी हे लिहिले, त्या बौद्ध ग्रंथकारांना आपल्या नायकाचे श्रेष्ठत्व दाखवताना धनुर्विद्येबरोबर संख्येचे ज्ञानही आवश्यक वाटले.

आता तल्लक्षणाचे मूल्य काढू. कोटी म्हणजे एकावर सात शून्ये. प्रत्येक नव्या नावाला शंभराने गुणायचे, म्हणजे दोन शून्ये वाढवायची. नावे तेवीस, म्हणून वाढलेली शून्ये सेहेचाळीस. सात आणि सेहेचाळीस मिळून त्रेपन्न. तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये, अर्थात दहाचा त्रेपन्नावा घात.

मोजता न येणारी, पण लिहिता येणारी

ही संख्या किती मोठी आहे? समजा, एखादा माणूस न थांबता, न झोपता, सेकंदाला एक या वेगाने मोजू लागला. कोटीपर्यंत पोहोचायला त्याला सुमारे ११६ दिवस लागतील. अयुताला जवळपास ३२ वर्षे. नियुताला सुमारे ३,१७० वर्षे. म्हणजे भगवान बुद्धांच्या काळी मोजणी सुरू केली असती तरी आज ती दुसऱ्या नावापर्यंतही पोहोचली नसती. कंकराला ३ लाख १७ हजार वर्षे, विवराला ३ कोटी १७ लाख वर्षे, अक्षोभ्याला ३१७ कोटी वर्षे. सहावे नाव विवाह. त्याला ३१,७०० कोटी वर्षे लागतील आणि आजच्या विज्ञानानुसार विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. विश्व सहाव्या नावापूर्वीच अपुरे पडते आणि अजून सतरा नावे शिल्लक आहेत. संपूर्ण पृथ्वीत जेवढे अणू आहेत, त्यांची संख्या एकावर पन्नास शून्यांच्या घरात जाते. तल्लक्षण त्याहूनही शेकडो पटींनी मोठे आहे.

तरीही हीच संख्या वहीच्या एका-दोन ओळींत बसते. चौपन्न अंक, लिहायला मिनिटभर. मोजणे आणि जाणणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जे कधीही मोजता येणार नाही, तेही नियम कळला तर पूर्णपणे जाणता येते.

घडण आणि विभाजक

दहा म्हणजे दोन गुणिले पाच. म्हणून तल्लक्षणाच्या घडणीत त्रेपन्न वेळा दोन आणि त्रेपन्न वेळा पाच आहेत. तिसरा कोणताही मूळ अवयव नाही. एवढी अवाढव्य संख्या दोनच विटांनी बांधलेली आहे.

या एका निरीक्षणावरून तिचे सर्व विभाजक मोजता येतात. आधी लहान संख्या पाहू. दहाचे विभाजक चार : १, २, ५, १०. शंभराचे नऊ : १, २, ४, ५, १०, २०, २५, ५०, १००. हजाराचे सोळा. चार, नऊ, सोळा हे अनुक्रमे दोन, तीन, चार यांचे वर्ग आहेत. कारण सोपे आहे. हजारात दोन तीन वेळा येतो. विभाजक बनवताना तो शून्य, एक, दोन किंवा तीन वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय. पाचासाठीही चार पर्याय. चार चोक सोळा. तल्लक्षणात प्रत्येकी चौपन्न पर्याय. म्हणून विभाजक ५४ × ५४, अर्थात २,९१६. विश्वाच्या आयुष्यात जी मोजून होत नाही, तिचे विभाजक नेमके किती, हे गुणाकाराच्या एका ओळीत सांगता येते.

वर्ग नव्हे, घन नव्हे

शंभर हा दहाचा वर्ग आहे. दहा हजार हा शंभराचा वर्ग आहे. शून्यांची संख्या सम असेल, तर ती दोन सारख्या भागांत वाटता येते आणि संख्या पूर्ण वर्ग ठरते. विषम असेल तर ठरत नाही. कोटीवर सात शून्ये आहेत आणि पुढे दरवेळी दोनच वाढतात. त्यामुळे शून्यांची संख्या कायम विषमच राहते. म्हणून कोटीपासून तल्लक्षणापर्यंतच्या यादीत एकही पूर्ण वर्ग नाही.

घन मात्र अधूनमधून भेटतात. अयुतावर नऊ शून्ये, म्हणून ते हजाराचा घन. विवरावर पंधरा, म्हणून ते लाखाचा घन. तल्लक्षणाला हेही लागू होत नाही, कारण त्रेपन्न ही मूळ संख्या आहे. त्रेपन्न शून्यांचे एकाहून अधिक शून्यांचे सारखे गट पाडताच येत नाहीत. म्हणून ती कुणाचा वर्ग नाही, घन नाही, पाचवा किंवा सातवा घातही नाही; ती केवळ दहाचा त्रेपन्नावा घात आहे.

दोन वर्गांची बेरीज

जी स्वतः वर्ग नाही, ती दोन वर्गांची बेरीज असू शकते काय? दहा म्हणजे १ अधिक ९, म्हणजे एकाचा आणि तिनाचा वर्ग. हा एकच मार्ग आहे. हजारासाठी दोन मार्ग आहेत : १० आणि ३० यांचे वर्ग, किंवा १८ आणि २६ यांचे वर्ग (३२४ आणि ६७६). एक लाखासाठी तीन : १०० आणि ३००, १८० आणि २६०, तसेच १२ आणि ३१६. कोटीसाठी चार : १,००० आणि ३,०००, १,८०० आणि २,६००, १२० आणि ३,१६०, आणि १,९९२ व २,४५६. या शेवटच्या जोडीचे वर्ग अनुक्रमे ३९,६८,०६४ आणि ६०,३१,९३६ येतात. वाचकांनी त्यांची बेरीज करून पाहावी.

शून्ये एक, तीन, पाच, सात. मार्ग एक, दोन, तीन, चार. शून्यांत एक मिळवून निम्मे केले की मार्ग मिळतात. हा नियम केवळ चार उदाहरणांवर टेकलेला नाही. संख्याशास्त्रात त्याची सिद्धता आहे आणि त्याचे मूळ पाच या संख्येत आहे, कारण पाच म्हणजे १ अधिक ४, दोन वर्गांचीच बेरीज. त्यानुसार तल्लक्षण दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात बरोबर सत्तावीस प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार कुणालाही सांगता येईल : एकावर सव्वीस शून्ये आणि तिनावर सव्वीस शून्ये, यांचे वर्ग. यादीतील प्रत्येक नाव ओलांडताना मार्ग एकेकाने वाढतो : कोटीला चार, अयुताला पाच, नियुताला सहा, आणि तेवीस नावांनंतर सत्तावीस.

बाकी काय उरते?

समजा, तल्लक्षण एवढे तांदळाचे दाणे सात मुलांत सारखे वाटायचे आहेत. किती उरतील? दहाला सातने भागले तर बाकी ३. शंभराला भागले तर २. पुढे हजार, दहा हजार, लाख, दहा लाख यांच्या बाक्या ६, ४, ५, १. सहाव्या पायरीला एक आला की पुन्हा ३, २, ६, ४, ५, १ असे चक्र सुरू होते. त्रेपन्नात सहाची आठ पूर्ण चक्रे बसतात आणि पाच पायऱ्या उरतात. चक्रातील पाचवी बाकी ५. म्हणून पाच दाणे उरतील.

नऊने भागल्यास बाकी १, कारण अंकांची बेरीज एक आहे. अकराने भागल्यास बाकी १०. शून्ये सम असती तर ती १ आली असती.

आता थोडे कठीण उदाहरण घेऊ. १०७ ने भागल्यास? येथे त्रेपन्न पायऱ्या चढण्याची गरज नाही. घात दुप्पट करत जावे आणि दरवेळी केवळ बाकी जपून ठेवावी. दुसऱ्या घाताची बाकी १००. चौथ्यासाठी १०० × १०० म्हणजे १०,०००, बाकी ४९. आठव्यासाठी ४९ × ४९ म्हणजे २,४०१, बाकी ४७. सोळाव्यासाठी ४७ × ४७ म्हणजे २,२०९, बाकी ६९. बत्तिसाव्यासाठी ६९ × ६९ म्हणजे ४,७६१, बाकी ५३. त्रेपन्न म्हणजे ३२ + १६ + ४ + १. म्हणून त्या चार बाक्यांचा गुणाकार करायचा. ५३ × ६९ म्हणजे ३,६५७, बाकी १९. १९ × ४९ म्हणजे ९३१, बाकी ७५. ७५ × १० म्हणजे ७५०, बाकी १.

उत्तर एक. म्हणजे तल्लक्षणातून एक वजा केला तर उरणाऱ्या संख्येला १०७ ने निःशेष भाग जातो. ती संख्या म्हणजे ओळीने त्रेपन्न नऊ. १०७ आणि नऊ यांत सामाईक अवयव नसल्यामुळे ओळीने लिहिलेल्या त्रेपन्न एकांनाही १०७ ने भाग जातो. ज्यांना शंका असेल, त्यांनी त्रेपन्न एक लिहून भागाकार मांडावा; शेवटी शून्यच येईल.

दुपटीची ही युक्ती केवळ वहीपुरती नाही. मोबाइलवरून पैसे पाठवताना आपली माहिती गुप्त राखणाऱ्या ज्या गणिती पद्धती आहेत, त्यांतील काही प्रमुख पद्धती याच तत्त्वावर चालतात : प्रचंड घात, पण प्रत्येक पायरीला केवळ बाकी. आमचा विद्यार्थी पेन्सिलीने जे करतो, तेच यंत्र शेकडो अंकी संख्यांवर क्षणार्धात करते.

योजनातील परमाणू

त्याच परीक्षेत अर्जुन आणखी एक प्रश्न विचारतो : एका योजनात परमाणू किती? सिद्धार्थ मापांची साखळी सांगतो. सात परमाणुरजांचा एक अणू, सात अणूंची एक त्रुटी, अशी सात-सातची दहा पावले टाकल्यावर बोटाचे एक पेर येते. बारा पेरांची वीत, दोन वितींचा हात, चार हातांचे धनुष्य, हजार धनुष्यांचा मगधातील कोस आणि चार कोसांचे योजन. वीत, हात आणि कोस आपल्या आज्यांच्याही बोलण्यात होते.

साताचा दहावा घात २८,२४,७५,२४९. त्याला १२, २, ४, १,००० आणि ४ यांनी, म्हणजे एकूण ३,८४,००० ने गुणले की उत्तर येते १०,८४,७०,४९,५६,१६,०००. हे उत्तर बरोबर आहे कशावरून? एक झटपट तपासणी अशी : गुणकांमध्ये तीन हा अवयव एकदाच येतो, बारामध्ये. म्हणून उत्तराला तिनाने भाग जायला हवा, नऊने नको. अंकांची बेरीज करा. ती ५१ येते. तिनाने भाग जातो, नऊने जात नाही. उत्तर या चाळणीतून पार पडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पेराचा अठ्ठावीस कोटींवा भाग आधुनिक विज्ञानातील अणूच्या आकाराच्या जवळपास जातो. त्यावरून प्राचीनांना अणुविज्ञान अवगत होते, असा निष्कर्ष कुणी काढू नये. सात-सातने विभागणे ही ग्रंथकाराची कल्पना होती. तिच्यामागे प्रयोग नव्हता. जुळलेला आकडा हा योगायोग आहे. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगायचा असेल, तर तो तिच्यात खरोखर जे आहे त्याचा बाळगावा.

कुणाच्या शब्दावर?

केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी दिलेला उपदेश आपल्या परिचयाचा आहे : परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू म्हणतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. जीवनातील अनेक प्रश्नांबाबत हा उपदेश आचरणात आणणे कठीण असते, कारण तपासण्याची साधने आपल्या हाती नसतात. गणितात ती प्रत्येकाच्या हाती असतात. तल्लक्षणाला सातने भागल्यावर बाकी पाच येते, हे ललितविस्तरात लिहिलेले नाही. असते तरी ते त्यामुळे खरे ठरले नसते. आम्ही शिक्षक सांगतो म्हणूनही ते खरे नाही. ते खरे आहे, कारण चक्र मांडून पाहणाऱ्या कुणालाही, कोणत्याही घरातल्या, कोणत्याही वस्तीतल्या मुलाला, तेच उत्तर मिळते.

या विद्येला भांडवल लागत नाही. ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळाली येथे शाळाशिक्षक होते. कागद, पेन्सिल आणि चिकाटी हीच त्यांची प्रयोगशाळा होती. आणि आकड्यांतून सत्तेचा हिशेब कसा मागावा, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. लंडनमध्ये त्यांनी सादर केलेला आणि १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. ज्यांना वहीतला आकडा वाचू दिला नव्हता, त्या समाजातील एका माणसाने देशाच्या चलनाचे आकडे तपासले.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. ही स्मरणिका घरी नेल्यावर मुलाला जवळ बसवावे आणि १,९९२ व २,४५६ यांचे वर्ग त्याला स्वतः करू द्यावेत. आपल्याला येत नसेल, तर त्याच्याकडून शिकून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. दोन्ही वर्गांची बेरीज करून एकावर सात शून्ये उमटली, की त्याला विचारावे, ‘बरोबर आहे हे तुला कुणी सांगितले?’ तो म्हणेल, ‘कुणी नाही, मीच पाहिले.’ हे उत्तर ज्या दिवशी प्रत्येक घरात ऐकू येईल, त्या दिवशी वंदनेतील तो शब्द आमच्या वर्गापर्यंत पोहोचला, असे आम्ही समजू.